सुकवणीच्या जागेवरचा बर्फ

रत्नागिरीहून परत आले तेव्हा जो भेटला त्याने विचारलं, "आंबे आणलेस का?" जानेवारीत आंब्याला नुसता मोहोर असतो, हे पुण्याच्या माणसाला सांगून पटत नाही. मंडईत पेटी आली की आंबा झाला, एवढंच आमचं कोकणाचं ज्ञान. शिवाय मी आंब्यासाठी गेलेच नव्हते. मी गेले होते बर्फ बघायला, आणि तोही दुसऱ्या कुणाच्या तरी खर्चाने.

मी दुभाषीचं काम करते. परदेशी पाहुणे इंग्रजीत बोलतात, ते मी मराठीत सांगते. गावकरी मराठीत बोलतात, ते मी इंग्रजीत सांगते. मधल्या मध्ये माझं स्वतःचं मत कुणालाच नको असतं. माझ्यासारख्या तोंडाळ बाईला ही अट किती जड जाते, ते माझ्या घरच्यांना विचारा.

या वेळची पाहुणी म्हणजे इंग्रिडबाई. युरोपच्या पार उत्तरेकडच्या एका श्रीमंत देशाच्या संसदेची सभासद. देशाचं नाव मी मुद्दामच लिहीत नाही. लिहिलं तर तुम्ही त्या एकाच देशाला नावं ठेवाल आणि बाकीचे सुटतील. त्या देशाच्या सरकारने काही वर्षांपूर्वी रत्नागिरीच्या उत्तरेला, आरे-वारेच्याही पुढे, खाडीच्या तोंडाशी असलेल्या एका मच्छीमार गावाला बर्फाचा कारखाना दिला होता. अगदी फुकट. गरिबांची मासळी सडू नये आणि दलाल मागेल त्या भावात ती त्यांना विकावी लागू नये, म्हणून. आता अशी मदत पुढेही द्यायची की नाही हे तिकडची एक समिती ठरवणार होती. इंग्रिडबाई त्या समितीवर होती आणि दिलेल्या पैशाचं झालं काय, हे स्वतःच्या डोळ्यांनी बघायला निघाली होती. वय साठीच्या आसपास, उंच, हाडापेराने मजबूत, आणि गाडीत बसल्यापासून प्रश्नांची नुसती सरबत्ती.

आंबा घाट

कोल्हापूर मागे पडलं आणि अँबॅसडर धापा टाकायला लागली. घाटमाथ्यावर ड्रायव्हरने इंजिनाला पाणी पाजायला गाडी थांबवली. आम्ही खाली उतरलो. समोर कोकण धुक्यात पसरलं होतं. देशावरची माणसं या ठिकाणी उभी राहिली की गप्प होतात, कारण आपल्या नजरेला इतकं हिरवं एकदम बघायची सवय नसते. इंग्रिडबाई मात्र गप्प होईना.

"तुमचं सरकार कुणाला मदत देतं का?" तिने विचारलं.

मी जरा छाती काढूनच सांगितलं, की देतं तर! आमच्या शेजारच्या लहान देशांना आम्ही रस्ते बांधून देतो, इस्पितळं देतो. वर्तमानपत्रात फोटो येतात.

"का देतं?"

खरं सांगायचं तर या प्रश्नाचा मी आयुष्यात विचार केला नव्हता. आमच्या गल्लीतल्या रस्त्याला खड्डे आहेत आणि आमचे पैसे दुसऱ्याच्या डोंगरात रस्ता करतायत, हेही कधी मनात आलं नव्हतं. फोटोतले मंत्री हसत होते, म्हणजे काहीतरी चांगलंच असणार. "शेजारधर्म," मी म्हटलं.

ती हसली. "आमच्याकडेही याच्याच जवळपासचं उत्तर देतात. फक्त आम्ही तुमचे शेजारी नाही."

ड्रायव्हरने हॉर्न दिला आणि आम्ही गाडीत बसलो.

रत्नागिरी

विश्रामगृहाच्या खानसाम्याने पाहुणी गोरी म्हणून ब्रेड आणि उकडलेला बटाटा केला होता. इंग्रिडबाईने माझ्या ताटातल्या बांगड्याकडे बघितलं, बटाटा बाजूला सारला आणि सरळ माझाच बांगडा उचलला. काटा असा सोडवला, की खानसामा दारात उभा राहून बघतच राहिला. मला पुणेरी बाईला अजूनही मासा खाताना आजूबाजूला कोणी बघत नाही ना, याची खात्री करून घ्यावी लागते. इंग्रिडबाई मात्र कोळ्याची मुलगी निघाली. तिच्या लहानपणी तिच्या गावात लाकडी माचांवर मासे वाळत टाकायचे. "आमच्या गावाला जो वास होता, तोच इथे आहे," ती खुशीत म्हणाली. खानसाम्याने दुसऱ्या दिवसापासून तिच्यासाठी आधी मासा आणि उरलं तर बटाटा, असा बेत ठेवला. सोलकढी मात्र तिने नाकात गेल्यासारखं तोंड करून परत ठेवली.

आमच्याबरोबर एक सरकारी साहेब दिले होते. गृहस्थ वाईट नव्हते, पण त्यांना एकच काळजी होती, की पाहुणीला सगळं छान छान दिसावं. रेल्वे येणार, मग कोकणाचा कसा कायापालट होणार, हे ते वाटभर सांगत होते. त्यांचे वडीलही म्हणे हेच सांगायचे.

बंदर

गावाला आजूबाजूचे सगळे नुसतं बंदर म्हणतात, मीही तेच म्हणते. वस्ती बहुतेक मुसलमान मच्छीमारांची, थोडी घरं हिंदू खारव्यांची. बरीच तरणी माणसं आखातात आणि म्हातारी किनाऱ्यावर. कौलारू घरांमधून मध्येच एखादं नवं गच्चीचं घर डोकं काढतं. ते आखातातल्या पैशाचं, हे ओळखायला कुणी सांगावं लागत नाही.

आमचं स्वागत केलं सोसायटीचे चेअरमन दाऊदभाई यांनी. उभा जन्म मालवाहू बोटींवर काढून आता गावात स्थिरावलेला माणूस. पांढरी टोपी, इस्त्रीचा सदरा, आणि बोलायला गोड. त्यांनी इंग्रिडबाईला शहाळं दिलं आणि थेट कारखान्याकडे नेलं. किनाऱ्याच्या वर, माडांच्या पुढे एक ऐसपैस सपाट जागा आहे. तिच्यावर हा लांबरुंद कारखाना उभा. पुढे सिमेंटचं अंगण, भोवती तारेचं कुंपण. दारावर संगमरवरी पाटी, तिच्यावर त्या देशाचं नाव, झेंडा आणि मैत्रीबद्दल दोन ओळी. आपल्याकडे लग्नात आहेराच्या भांड्यावर मामाचं नाव घालून आणतात, त्याची मला आठवण झाली. पुढे पन्नास वर्षं ते पातेलं आमटी ढवळताना सांगत राहतं, की मी कुणाकडून आलो.

आत इंजिनाचा मोठा आवाज चालू होता. एका खोलीत बर्फाच्या मोठमोठ्या लाद्या भुश्यात रचून ठेवल्या होत्या. "मॅडमना सांगा, एकदम फस्ट क्लास चालतो," दाऊदभाई म्हणाले. मी सांगितलं. इंग्रिडबाईने एका लादीवर हात ठेवला, खाली पडलेला भुसा बुटाने जरा सारखा केला आणि "छान," एवढंच म्हणाली. मला वाटलं, उन्हाने थकली असेल.

बाहेर आल्यावर तिने विचारलं, "हे लोक मासे वाळवतात कुठे?"

मी मराठीत विचारायच्या आतच साहेबांनी इंग्रजीत उत्तर दिलं, "आता त्याची गरजच उरली नाही, मॅडम. बर्फ आहे ना!"

दाऊदभाई खाली बघत होते. माझ्या ते लक्षात आलं, पण दुभाषीने लक्षात आलेलं बोलायचं नसतं.

जेवण दाऊदभाईंच्या थोरल्या बहिणीच्या घरी होतं. हलिमाआपा. कष्टाने घट्ट झालेली, नजर अशी की समोरच्याने आपणहून खरं बोलावं. पडवीत पुरुषांची आणि पाहुणीची पानं मांडली होती. मी पाणी मागायला आत गेले, तर आपाने मला चुलीपाशीच बसवलं, हातावर तांदळाची गरम भाकरी ठेवली आणि म्हणाली, "बाय, तू पुन्याची काय?"

"हो."

"मंग तुला सांगायला हरकत नाय. तू उद्या-परवा जाशील. ता मशीन बंद हाय. गेल्या पावसाच्या आदीपासना. ह्यो बर्फ पहाटे रत्नागिरीतना आनलानी, टेम्पो करून."

भाकरी माझ्या हातातच राहिली. "आणि ते इंजिन?"

"ता नुसता फिरतंय. पुडं कायएक जोडलेला नाय."

"पण कशासाठी एवढं?"

आपाने माझ्याकडे असं बघितलं, जणू मला परकर नेसता येत नाही. "कशासाठी म्हंजे? ज्यान लुगडा दिलान, तो दारात आला तर त्याचाच लुगडा नेसून सामोरा जायाचा. फाटला असला तर फाटकी बाजू निऱ्यांत घालायची. तुमच्यात नाय असा?"

होतं की. आमच्यातही अगदी असंच होतं. माझ्या आत्याने दिलेली पोपटी साडी मला मेली आवडायची नाही, पण आत्या येणार म्हटलं की आई ती ट्रंकेतून काढून माझ्या अंगावर टाकायची. देणाऱ्याच्या जिवाला लागू नये म्हणून एवढं करायचंच. फक्त एका गावाने मिळून आख्खा कारखाना नेसलेला मी पहिल्यांदाच बघत होते. आणि यात एक घोटाळा होता, तो मला चुलीपाशी बसल्या बसल्या कळला. पाहुणी परत जाऊन सांगणार, की सगळं उत्तम चाललंय. मग बिघडलेला भाग पाठवणार कोण?

"दाऊदभाईंना हे सुचलं नाही?" मी विचारलं.

"दाऊद म्हनतो, धर्माची गाय, तिचे दात मोजू नयेत. पाव्हनी खूश झाली की तो हलूच पत्र धाडनार, एक पार्ट पाठवा म्हनून." आपा तव्यावरची भाकरी उलटत म्हणाली. "माझा तुला सांगायचाय ता येगलाच हाय. जय कारखाना हाय ना, थय आमची सुकवन व्हती. सगल्या बायकांची. दादल्यांनी म्हावरा आनायचा, चांगला असेल तो दलाल न्यायचा. उरलासुरला आमी सुकवायचा आनि घाटावर इकायला धाडायचा. त्या पैशाला दादल्यांचा हात नाय. माझ्या पोरी मी त्याच्यावर उजवल्या."

"मग जागा गेली कशी?"

"सपाट, वाऱ्याची, गुरांपासना लांब अशी जागा गावात तेवडीच. साहेबांना पन तीच आवडली. त्यांनी दाऊदला इचारलानी, दाऊद व्हय म्हनला. माझा भाव हाय, चांगला हाय. पन सुकवन काय दाऊदची व्हती?"

बाहेरून साहेबांनी मला हाक मारली. आपाने माझं मनगट धरलं. "तिला सांग. लुगडा दाऊदला नेसू दे. तिला सांग, दिलास ता पावला. आता घेऊन जा, आनि आमची जागा मोकली कर."

पडवीत मी माझ्या पानावर जाऊन बसले. दाऊदभाई बर्फाने भाव कसा वाढला ते सांगत होते आणि मी त्याचं शब्दशः इंग्रजी करत होते. इतकं चविष्ट जेवण इतक्या नाइलाजाने मी कधी जेवले नाही.

पावस

दुसऱ्या दिवशी रविवार. साहेबांना सुट्टी हवी होती, म्हणून त्यांनी आम्हाला पावसला त्यांच्या ओळखीच्या एका बागेत धाडून दिलं. कातळ फोडून, माती आणून, एकेक कलम जगवलेली बाग. सगळी मोहोराने भरलेली, आणि मधमाश्यांचा सूर लागलेला. बागवाल्यांनी आम्हाला आंबापोळी दिली आणि ते फवारणीकडे गेले. इंग्रिडबाई एका कलमाला टेकून बसली आणि पुढच्याच क्षणाला ओरडत उठली. तांबड्या मुंगळ्यांनी पाठीला कडकडून चावे घेतले होते. मी तिच्या सदऱ्यातून मुंगळे काढत होते आणि ती तिच्या भाषेत जे काही बोलत होती, त्याला दुभाषीची गरज नव्हती.

शांत झाल्यावर तीच म्हणाली, "तो बर्फ त्या यंत्राचा नाही, हे मला माहीत आहे."

मी हातातला मुंगळा झटकला.

"आमचं यंत्र लादी बनवत नाही. पातळ कपच्या बनवतं, भिंतीवरच्या चुन्याच्या पोपड्यांसारख्या. मागे एकदा मी ते बनवणाऱ्या कारखान्यात जाऊन आले होते."

"मग काल तिथे बोलली का नाहीस?"

"तो माणूस मला शहाळं देत होता," ती म्हणाली. "आणि मला लाज वाटत होती."

मग तिने सगळं सांगितलं. ते यंत्र बनवणारा कारखाना एका मंत्र्याच्या मतदारसंघातला. डबघाईला आलेला, कामगारांच्या नोकऱ्या जायची वेळ. तेव्हा सरकारला एकदम गरीब देशांतले मच्छीमार आठवले. मदत मंजूर झाली, पण अट अशी, की यंत्र त्याच कारखान्याचं घ्यायचं, आमच्याच बोटीतून आणायचं आणि आमच्याच इंजिनियरने बसवायचं. "पैसा आमच्या दारातून बाहेर पडला आणि वळसा घालून आमच्याच खिडकीतून आत आला. तुमच्याकडे आलं ते फक्त यंत्र. पण मतदारांना वाटलं, आपण किती दानशूर!"

"आणि तो बिघडलेला भाग?" मी विचारलं.

"मिळणार नाही. कारखाना तरीही बंद पडला. मागच्याच वर्षी."

म्हणजे दाऊदभाई ज्याची वाट बघत होते ते बनवणारंच कोणी उरलं नव्हतं. मला त्या पांढऱ्या टोपीची आणि इस्त्रीच्या सदऱ्याची फार कणव आली. आणि रागही आला. तिचा, त्यांचा, आणि खरं म्हणजे माझासुद्धा. त्या सगळ्या मदतीतून इकडे रोख काय पोचलं असेल, तर गाडीचं भाडं, विश्रामगृहाचं बिल आणि माझं मानधन. गरिबांच्या नावाने निघालेल्या पैशातून मी पावसला बसून आंबापोळी खात होते.

तेव्हा मग मी दुभाषीपण गुंडाळून ठेवलं आणि हलिमाआपाचं म्हणणं तिला सांगितलं. सुकवणीची जागा, बायकांचे पैसे, पोरींची लग्नं, सगळं. शेवटी आपाचं वाक्यही जसंच्या तसं.

इंग्रिडबाई म्हणाली, की ती लहान असताना युद्ध नुकतंच संपलं होतं आणि एका मोठ्या देशाने त्यांच्या गावाला डब्यातलं अन्न पाठवलं होतं. मासे खाणाऱ्या गावाला डब्यातले मासे! शाळेत बाईंनी सगळ्या मुलांना रांगेने बसवून त्या देशासाठी आभाराची चित्रं काढायला लावली. ही घरी आली, तर वडील ते डबे डुकरासमोर उघडत होते. "मी वडिलांवर फार चिडले होते. आपण आभार मानलेत, मग आवडायला नको का?"

"वडील काय म्हणाले?"

"म्हणाले, तू काढलेलं चित्र डुकराला आवडेल."

आम्ही दोघी हसलो. मग मी तिला विचारलं, की आता ती समितीला काय सांगणार. ती म्हणाली, तेच तर कोडं आहे. खरं सांगितलं तर टाळ्या वाजवणारे कोण असतील? ज्यांना गरिबाला फुटकी कवडीसुद्धा द्यायची नाही, ते. आणि खोटं सांगितलं तर पुढचा कारखाना दुसऱ्या कुणाच्या तरी अंगणात उभा राहील.

पुढे तिने काय केलं ते इथेच सांगून टाकते. तिने खरं सांगितलं. तिच्याच पक्षाच्या लोकांनी तिच्याशी बोलणं टाकलं, आणि ज्यांच्याशी तिचं उभ्या आयुष्यात पटलं नाही त्यांनी तिची वाक्यं आपल्या भाषणात घातली. मदत थांबली नाही. त्या मदतीचं फक्त खातं बदललं आणि नाव बदललं. मध्यंतरी इंग्रिडबाईने हे फोनवर सांगितलं, तेव्हा तिचा आवाज इतका थकलेला होता, की मी उगाचच त्या मुंगळ्यांचा विषय काढला.

पुन्हा बंदर

सोमवारी निरोपाचा सत्कार होता. कारखान्याच्या सिमेंटच्या अंगणात सतरंज्या घातल्या होत्या. पुरुष समोर, बायका एका बाजूला माडाच्या सावलीत. शाल झाली, नारळ झाला, साहेबांचं रेल्वेचं भाषण झालं. मग इंग्रिडबाई उठली. शाल तशीच खांद्यावर ठेवून ती बोलायला लागली आणि मी शेजारी उभी राहून एकेक वाक्य मराठीत करत गेले.

ती म्हणाली, "तुम्ही माझे आभार मानताय. पण हे यंत्र आम्ही तुमच्यासाठी दिलं नव्हतं. आमच्याकडचा एक कारखाना बुडत होता. तो वाचावा म्हणून दिलं. ते ठेवून घेऊन तुम्हीच आमच्यावर उपकार केलेत. तुमची जागा त्यात गेली, आणि ते आम्ही कुणाला विचारलंसुद्धा नाही. मी माफी मागते."

"जागा" शब्द मी उच्चारला तेव्हा साहेब खुर्चीत सावरून बसले. मी थांबले नाही.

"यंत्र बंद आहे, हे मला माहीत आहे. तुम्ही बर्फ आणून ठेवलात तो माझा मान राखायला, हेही कळलं. पण त्याचा भाग आता कुठेच मिळणार नाही. तो बनवणारा कारखानाच उरला नाही."

दाऊदभाई पुढच्या रांगेत बसले होते. त्यांनी हळूच टोपी काढली, मांडीवर ठेवली, पुन्हा घातली. सगळ्या गावासमोर त्यांचा फाटका पदर बाहेर आला होता, आणि तो बाहेर काढणारी जीभ माझी होती. मला तिथून पळून जावंसं वाटलं. थोड्या वेळाने ते म्हणाले, "मॅडमना सांगा, काय हरकत नाय. तुमच्यामुले आमाला तकलीफ झाली असा आमी समजनार नाय." एवढं झाल्यावरही त्या माणसाला पाहुणीचीच काळजी!

इंग्रिडबाईचे डोळे भरून आले. साहेबांनी घाईघाईने टाळ्या वाजवल्या, मग लोकांनीही वाजवल्या. कार्यक्रम तिथेच संपायचा, पण माडाच्या सावलीतून हलिमाआपा उठून उभी राहिली.

"चांगला बोलली," ती म्हणाली. "मंग आता आमची जागा कवा देतंय ती?"

मी इंग्रजीत सांगितलं. इंग्रिडबाईने तिच्याकडे बघितलं आणि मग माझ्याकडे. करार तिने वाचलेला होता. ठरलेली मुदत संपेपर्यंत यंत्र हलवायचं नाही, इमारत पाडायची नाही, जागा दुसऱ्या कशाला वापरायची नाही. चालू असो नाहीतर बंद. मदतीचा गैरवापर होऊ नये म्हणून घातलेली अट.

"ते माझ्या हातात नाही," ती म्हणाली.

हे वाक्य मराठीत करायला मला कष्ट पडले नाहीत. आपल्याकडच्या कुठल्याही खिडकीपाशी ते तयार मिळतं. बायकांनी ते तिच्या चेहऱ्यावरच वाचलं होतं. आपा मान हलवून खाली बसली, आणि मला आमच्याकडची म्हण आठवली: भीक नको, पण कुत्रं आवर. इथे भीक घेऊन झाली होती आणि कुत्रं आवरायला कोणी मोकळं नव्हतं.

चहा झाला, हस्तांदोलनं झाली, आम्ही गाडीत बसलो. बंदरातून बाहेर पडणारा डांबरी रस्ता त्या यंत्रासाठीच केलेला. त्याशिवाय जड ट्रक गावात येऊ शकले नसते. पहिल्या दिवशी आलो तेव्हा तो झाडून लख्ख केलेला होता. आज पाहुणचार संपला होता. माडांच्या पुढे वळलो आणि ड्रायव्हरने करकचून ब्रेक दाबला. नजर जाईल तिथपर्यंत रस्त्यावर मांदेली वाळत घातली होती. चंदेरी, उन्हात लखलखणारी, एकेक हाताने सुटी केलेली. रस्त्याला डांबराची ऊब आणि खाडीचा वारा. जागा गेल्यापासून गावातल्या बायकांची सुकवण ती हीच.

मागून हलिमाआपा आणि बाकीच्या बायका केरसुण्या घेऊन झपाझप आल्या आणि गाडीपुरती वाट करायला मासे बाजूला ओढू लागल्या. ओढलेल्या माशांना रेती लागत होती. ते मासे पुन्हा वेचायचे, झटकायचे, पसरायचे. इंग्रिडबाई दार उघडून खाली उतरली. "नको, नको," ती म्हणाली. "त्यांना सांग, आपण थांबू. मासे वाळेपर्यंत आपण इथे थांबू."

साहेबांनी घड्याळाकडे बघितलं. मी आपाजवळ गेले आणि सांगितलं.

आपा कमरेवर हात ठेवून सरळ झाली. "तिला सांग बाय, ती थांबली म्हनून ऊन काय वाडत नाय. जाऊ दे तिला. मागना एस.टी. येनार हाय, तिच्यासाटी पन हा उचलायचाच हाय."

मी ते इंग्रिडबाईला शब्दशः सांगितलं. ती गाडीत येऊन बसली. आपल्या बाजूची काच तिने पूर्ण खाली केली. गाडी माशांच्या मधून अगदी हळू निघाली. मागे बायका वाकून पुन्हा मांदेली पसरायला लागल्या होत्या. एस.टी. यायला अजून अवकाश होता.